पाणपक्ष्यांचा घास टिपताना: नागपूर परिसरातल्या तलावांवर पिल्लांची फोटोग्राफी

पोळ्याच्या सुमारास नागपूर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या मालगुजारी (मालगुजारांच्या काळात बांधलेल्या) तलावाच्या पाळीवर सकाळी सहाला जाऊन उभं राहा. शिंगाड्याच्या वेलांमधून टिबुकली (डुबक्या मारणारा छोटा पाणपक्षी) पाठीवर पिल्लं घेऊन फिरत असते. बेशरमच्या झुडपांत ढोकरीची पिल्लं भुकेनं कालवा करत असतात. पाणकणसांच्या कडेला जांभळी पाणकोंबडी एखादा कोवळा कोंब पायाच्या बोटांत धरून सोलते आणि आपल्या काळ्याभोर पिल्लाला भरवते. हातात कॅमेरा असला की हे बघून पाय आपोआप पुढे सरकतात. ते आवरून फोटो कसा मिळवायचा, हे या लेखात सांगायचं आहे. भरवण्याचा फोटो मिळतो तो त्या जोडीचं वेळापत्रक पाठ झाल्यावर, आणि आपण जवळ गेलो की आधी ते वेळापत्रकच मोडतं.

काय टिपायचं आणि काय सोडून द्यायचं

घरट्याचे फोटो काढूच नयेत, असं मानणारे जाणकार पक्षीमित्र आपल्याकडे पुष्कळ आहेत. अनेक छायाचित्र स्पर्धा असे फोटो स्वीकारत नाहीत. एका मर्यादेपर्यंत मला ते पूर्ण पटतं. झुडपात दडवलेलं एकट्या जोडीचं घरटं आणि त्यात अंडी असतील, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. अंड्यांवर बसलेला पक्षी उठला की अंडी तापतात किंवा गारठतात, आणि कावळा तेवढ्याच संधीची वाट पाहत असतो.

पाणपक्ष्यांमध्ये मात्र आपल्याला निवड करता येते. टिबुकली, वारकरी (पांढऱ्या कपाळाचा काळा पाणपक्षी), पाणकोंबडी यांची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच घरट्याबाहेर हिंडू लागतात, आणि आईबाप पुढचे कित्येक दिवस त्यांना उघड्या पाण्यावर भरवतात. असं कुटुंब सुरुवातीला सगळ्यात चांगलं. त्यानंतर बगळे, पाणकावळे, करकोचे यांची सारंगागारं, म्हणजे विणीच्या वसाहती. एकाच झाडावर किंवा झाडांच्या एका गटात अशी अनेक घरटी असतात, कधीकधी तर भर वस्तीतल्या चिंचेवर नाहीतर पिंपळावर. खालून माणसं, गाड्या, गुरं जात असतात आणि त्या वर्दळीला हे पक्षी सरावलेले असतात. या दोन प्रकारांत वर्षभर पुरेल एवढं काम आहे.

कायदाही लक्षात असू द्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. फांदी बाजूला बांधणं, गवत कापून ‘खिडकी’ करणं, घरटं नीट दिसावं म्हणून पानं तोडणं हा असाच उपद्रव आहे. त्या पानांनीच घरट्यावर सावली धरलेली असते आणि शिक्र्याच्या नजरेपासून आडोसाही केलेला असतो.

परवानगीचं म्हणाल तर गोरेवाडा, पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथे त्या-त्या प्रशासनाचे नियम पाळावे लागतात, आणि पावसाळ्यात पेंचचं गाभाक्षेत्र पर्यटकांसाठी बंद असतं. गावतलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. तिथल्या ढीवर (मासेमारी करणाऱ्या समाजाच्या) बांधवांना आधी भेटा. परवानगीचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय कुठल्या कोपऱ्यात कोणाची पिल्लं आहेत हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

कोण भरवतं, कसं भरवतं

हे आधी कळलं नाही तर अख्खी सकाळ वाया जाते. कमळपक्ष्याची पिल्लं पाहून पुष्कळजण घासाची वाट बघत बसतात, पण तो घास कधी येतच नाही. कमळपक्ष्यांत अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. तो पिल्लांना पंखाखाली घेतो, धोका वाटला तर पंखात धरून उचलून नेतो, पण अन्न टिपायचं ज्याचं त्यानं. अडई, हळदी-कुंकू, काणूक या बदकांचं तेच. टिटवी आणि शेकाट्याची पिल्लंही पहिल्या दिवसापासून आपलं अन्न आपण शोधतात. या पक्ष्यांचे फोटो जरूर काढा, पण ते सोबतीचे, पंखाखालच्या उबेचे.

टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, लाजरी पाणकोंबडी ही मंडळी चोचीतून चोचीत भरवतात. घास छोटा, फेऱ्या भरपूर. म्हणजे संधी पुन्हा पुन्हा मिळते. जांभळ्या पाणकोंबडीत आईबापांशिवाय गटातले इतर पक्षीही पिल्लांना भरवताना दिसतात, तेव्हा एकाच पक्ष्यावर नजर खिळवून बसू नका.

बगळ्यांत पिल्लू आईबापाची चोच कात्रीसारखी आडवी पकडून खाली ओढतं, मग घास ओकला जातो. पाणकावळ्याचं आणि तिरंदाजाचं (सापासारख्या लांब मानेच्या पाणपक्ष्याचं) पिल्लू आपलं डोकंच थेट मोठ्याच्या घशात घालतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धस्स होतं, पण त्यांची रीतच तशी आहे. उघड्या चोचीचा करकोचा आणि रंगीत करकोचा घरट्याच्या तळाशी अन्न ओकतात आणि पिल्लं ते वेचतात. त्यामुळे करकोच्यांत चोचीला चोच लागलेला फोटो क्वचितच मिळतो. तिथे माना वर करून मागणारी पिल्लं, घरट्यावर वाकलेला पक्षी, किंवा उन्हात पंख पसरून पिल्लांवर धरलेली सावली हे खरे विषय. कडक उन्हात करकोचे चोचीतून पाणी आणून पिल्लांवर सोडतात, तेही नजरेत ठेवा.

खंड्याचं घरटं दरडीतल्या बिळात असतं, तेव्हा घास आत जातो आणि दिसत नाही. पण एक खूण उपयोगाची आहे. खंड्यानं मासा स्वतः गिळायचा असला तर तो माशाचं डोकं आपल्या घशाकडे वळवतो, आणि पिल्लाला द्यायचा असला तर डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून धरतो. तसा मासा धरून बसलेला खंड्या दिसला की तो आता बिळाकडे निघणार. फोटो त्या फांदीवरच काढा. बिळासमोर ठाण मांडलं तर तो आत जाणारच नाही.

हंगाम

मार्च ते मे नदीपात्रातल्या वाळूवर नदी सुरय (नदीवर मासे टिपणारे पक्षी) आणि टिटव्या. जून संपता संपता ढोकरी, गायबगळे, छोटे पाणकावळे काड्या गोळा करायला लागतात. जुलै ते सप्टेंबर टिबुकली, पाणकोंबड्या, कमळपक्षी, अडई यांचा बहर. उघड्या चोचीचे करकोचेही पावसाळ्यातच घरटी करतात, कारण त्यांच्या गोगलगायी तेव्हा धानाच्या बांध्यांत मुबलक मिळतात. रंगीत करकोच्यांचं सत्र पावसाळा सरत आला की सुरू होतं आणि हिवाळाभर चालतं. पाऊस लांबला तर सगळंच पुढे सरकतं, त्यामुळे तारखेपेक्षा तलावाच्या पाण्याकडे बघून ठरवावं.

शहरातल्या तलावांपैकी अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव इथे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. ती अडचण नव्हे, माणसांची सवय झालेले पक्षी सरावाला फार बरे. बाहेर उमरेड, रामटेक, हिंगण्याच्या दिशेला छोटे-मोठे तलाव आहेत. नेमक्या जागा मी देत नाही, आणि तुम्हीही देऊ नयेत असं मला वाटतं. का, ते शेवटी येईलच.

पहिली सकाळ फक्त दुर्बिणीची

या टप्प्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, आणि लोक नेमका हाच टाळतात.

पाळीवर दूर बसा. दुर्बीण, घड्याळ, वही, पेन. कुटुंब दिसलं की दर फेरीची वेळ लिहा: मोठा पक्षी किती वाजता आला, कुठल्या दिशेनं आला, उतरण्याआधी कुठे थांबला, घास कोणाला दिला, किती वेळ राहिला. दीड-दोन तासांत चित्र स्पष्ट होतं. टिबुकली काही मिनिटांच्या अंतरानं भरवत राहते. गायबगळा शेतात जातो, नाकतोडे, बेडूक यांनी पोट भरून येतो, त्यामुळे फेऱ्या कमी आणि विरळ. रातबगळ्याची मुख्य धावपळ संध्याकाळ पडल्यावर आणि रात्रीची, म्हणून त्याच्या भरवण्याच्या फोटोसाठी सकाळभर बसण्यात अर्थ नाही.

दोन गोष्टींवर खास नजर ठेवा. एक म्हणजे थांबा. बहुतेक पक्षी थेट पिल्लांकडे येत नाहीत. वाळकं खोड, फांदी, वेलांचा उंचवटा अशा ठरलेल्या जागी क्षणभर टेकून आजूबाजूला पाहतात. तो थांबा कळला की पुढच्या हालचालीची सूचना तुम्हाला आधीच मिळते. दुसरी म्हणजे वारा. पक्षी वाऱ्याला तोंड करून उतरतो. पावसाळ्यात नागपुरात वारा बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून वाहतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पूर्वेला बसलात तर उतरणाऱ्या पक्ष्याची पाठच दिसेल. म्हणून सकाळी उत्तर किंवा दक्षिण बाजूनं बसावं, उजेड कडेनं घ्यावा. संध्याकाळी पश्चिमेच्या पाळीवर बसलं की सूर्य पाठीशी आणि पक्ष्याचा चेहरा समोर, असं दोन्ही जमतं.

अंतराचं गणित तुमच्या बाजूनं आहे

‘लांबून डिटेल येत नाही’ हे वाक्य फार ऐकू येतं. हिशेब करून बघू. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, 600 मिमी लेन्स, अंतर 30 मीटर. या अंतरावर फ्रेमची रुंदी होते साधारण 1.2 मीटर. टिबुकली असते 25 सेंमीच्या आसपास, म्हणजे ती फ्रेमचा पाचवा हिस्सा व्यापते. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तिच्या अंगावर सव्वा हजाराच्या आसपास पिक्सेल आडवे पडतात. क्रॉप करून घरात लावण्याजोगा प्रिंट त्यातून आरामात निघतो.

फोकसची खोली बघा. त्याच लेन्सवर f/6.3 अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या मापाला) 20 मीटरवरून फक्त 28 सेंमीच्या आसपास भाग स्पष्ट येतो. 30 मीटरवर तीच खोली 60 सेंमीच्या पुढे जाते. भरवताना मोठा पक्षी आणि पिल्लू एका रेषेत क्वचितच असतात, एक पुढे आणि एक मागे. जवळून काढलेल्या फोटोत आईचा डोळा धारदार आणि पिल्लू धूसर का येतं, त्याचं कारण हे. थोडं मागे सरकलं की दोघंही फोकसमध्ये बसतात.

मी पाळतो ती अंतरं अशी: पाण्यावर फिरणाऱ्या टिबुकली-पाणकोंबडीच्या कुटुंबापासून किमान 30 मीटर, निवांत तलावावरच्या सारंगागारापासून 60 मीटरच्या आसपास, वाळूवरच्या सुरयांच्या वसाहतीपासून किमान 100. वस्तीतलं सारंगागार असेल तर रस्त्याच्या पलीकडून. झाडाखाली उभं राहणं तिथेही नको. घाबरलेली अर्धवट वाढलेली पिल्लं फांदीवर मागे सरकतात आणि खाली पडतात. खाली पडलेल्या पिल्लाला आईबाप बहुतेक वेळा भरवायला उतरत नाहीत.

लेन्स 400 मिमीची असेल तर फ्रेममध्ये परिसर जास्त घ्या. कमळपानं, शिंगाड्याची पांढरी फुलं, त्यात छोटंसं कुटुंब. असे फोटो मला निव्वळ क्लोजअपपेक्षा जास्त आवडतात, कारण पक्षी कुठे राहतो हे त्यात दिसतं. ज्यांच्याकडे लांब झूमचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) आहे त्यांनीही बिचकू नये. सकाळच्या चांगल्या उजेडात तो भरपूर काम देतो.

बैठक

कॅमेरा पाण्याच्या पातळीजवळ आला की फोटोचा नूरच बदलतो. पाळीवरून खाली बघत काढलेल्या फोटोत मागे गढूळ पाणी येतं. पाळीच्या पायथ्याशी आडवं होऊन काढला तर मागचा काठ हिरवा, मऊ होऊन जातो. स्क्रीन वर वळणारी असेल तर झोपायचीही गरज नाही, कॅमेरा बीन बॅगवर जमिनीलगत ठेवा आणि बसून बघा. बीन बॅग घरी जाड कापडाची शिवून घ्या. उन्हाळ्यात हरभरे भरले तरी चालतात, पावसाळ्यात मात्र ते भिजून कोंब येतात, तेव्हा प्लॅस्टिकचे मणी किंवा थर्माकोलचे दाणे भरा. ट्रायपॉड वापरत असाल तर काळ्या मातीत त्याचे पाय रुततात; पायांखाली लाकडाच्या लहान फळ्या ठेवा.

उजाडण्याआधी जागेवर बसलेलं असावं. जुलैत नागपूरला साडेपाच-पावणेसहाला सूर्य उगवतो, म्हणजे पाचला पाळीवर. पक्ष्यांच्या देखत चालत जाऊन बसण्यापेक्षा अंधारात स्थिरावलेला माणूस त्यांना लवकर चालतो. मातकट रंगाचे कपडे, डोक्यावर जाळीचं कापड, बस्स. तंबूवजा हाईड (लपून बसायचा आडोसा) वापरायचा तर आधी दूर उभारा, आणि पक्षी नेहमीसारखे वागत असतील तरच पुढच्या खेपेला थोडा पुढे घ्या. रस्त्यालगतच्या तलावावर गाडी हाच उत्तम हाईड. इंजिन बंद करा, खिडकीवर बीन बॅग ठेवा आणि दार उघडू नका.

डोंग्याचा मोह मोठा असतो. ढीवर दादांचा डोंगा जाळी बघत रोज ज्या वाटेनं जातो, त्या वाटेला पक्षी सरावलेले असतात. ते जाळ्यांना निघाले असतील तर सोबत बसा आणि वाटेत दिसेल ते टिपा. डोंगा वाट सोडून घरट्याकडे वळवायला सांगू नका. टिबुकलीचं घरटं म्हणजे तरंगत्या शेवाळाचा, वेलींचा ढीग. शेजारून लाट गेली तरी अंडी ओली होतात.

सेटिंग्ज

शटर स्पीड आधी ठरवा. भरवताना डोकी झटक्यानं हलतात, म्हणून 1/1250 च्या खाली जाऊ नका. उतरणाऱ्या पक्ष्यासाठी 1/2000 किंवा जास्त. अ‍ॅपर्चर f/6.3 ते f/8. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, वरची मर्यादा 3200 किंवा कॅमेरा नवा असेल तर 6400. पावसाळी ढगांत आयएसओ वाढणारच. थोडी नॉइज (दाणेदारपणा) चालते, हललेला डोळा चालत नाही. फाइल रॉमध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात) घ्या.

पांढऱ्या बगळ्यामागे गर्द झाडी असेल तर कॅमेरा चित्र उजळवतो आणि पिसं जळून जातात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ किंवा गडद करायची सेटिंग) -0.7 किंवा -1 करा आणि जळालेला भाग दाखवणारा हायलाइट अलर्ट चालू ठेवा. उलट पाणकोंबडीची पिल्लं काळी ठिक्कर असतात, त्यांना +0.7 द्यावं लागतं. बगळा आणि आभाळ दोन्ही पांढरे असतील तर पिसांचा तपशील वाचवा, आभाळ गेलं तरी चालेल.

फोकस कंटिन्युअस मोडवर, बर्ड आय डिटेक्शन असेल तर चालू. पण समोर गवताची पाती असतील तर डिटेक्शन चकतं, तेव्हा एकच लहान पॉइंट वापरा आणि फोकस शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटनावर घ्या. फोकस पिल्लाच्या डोळ्यावर की मोठ्याच्या? माझं उत्तर पिल्लाच्या. घास घेणारं उघडं तोंड जिथे आहे तिथेच बघणाऱ्याची नजर जाते.

सायलेंट शटर चांगला, मात्र जुन्या कॅमेऱ्यांत त्यानं फडफडणारे पंख वाकडे येतात. फ्लॅश वापरू नका, ड्रोन नको, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं नको. पाण्यावरची चकाकी त्रास देत असेल तर पोलरायझर लावता येतो, पण तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, म्हणून उन्हातच वापरा.

घासाचा क्षण: टिबुकली

विणीच्या दिवसांत टिबुकलीची मान तांबूस होते आणि चोचीच्या मुळाशी पिवळसर पांढरा ठिपका दिसतो. काळपट अंगावर तो ठिपका फोकसला फार सोयीचा. पिल्लं अंगावर पट्टे असलेली, सुरुवातीला आईच्या किंवा बापाच्या पाठीवर पंखांत शिरून बसलेली. एक पक्षी होडी झालेला, दुसरा डुबक्या मारून खाऊ आणणारा.

आता क्रम बघा. आणणारा पक्षी डुबकी घेतो. डुबकी साधारण 15-20 सेकंदांची. या वेळात कॅमेरा त्याच्या मागे फिरवू नका, तो कुठे वर येईल हे सांगता येत नाही. फोकस पिल्लं असलेल्या पाठीवर लावून ठेवा. पक्षी वर येताच पिल्लांच्या चिवचिवाटाचा सूर बदलतो, पिसांतून दोन-तीन पट्टेरी डोकी बाहेर येतात. चोचीत झिंगा, चतुराची अळी किंवा बोटभरही नसलेली मासोळी असते. मोठा पक्षी ती पाण्यावर आपटून मऊ करतो. इथे शटर दाबायला सुरुवात करू नका, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरून जाईल. पिल्लाची मान लांब झाली आणि मोठ्यानं चोच पुढे केली की मग छोटा बर्स्ट (सलग फोटोंची मालिका). सगळा प्रकार एका-दोन सेकंदांत आटोपतो. घास मोठा निघाला तर पिल्लू तो टाकून देतं, मोठा पुन्हा उचलून देतो, आणि ही दुसरी-तिसरी खेप पहिलीपेक्षा सावकाश होते. पुष्कळ चांगले फोटो या खेपेतलेच असतात, म्हणून पहिला बर्स्ट संपला की लगेच स्क्रीन बघायला लागू नका.

आणि गायबगळा

गायबगळ्याच्या घरट्यात पिल्लं एका वयाची नसतात, कारण अंडी एक-दोन दिवसांच्या फरकानं फुटतात. मोठं पिल्लू आधी चोच पकडतं आणि सगळ्यात धाकटं बहुतेक वेळा मागे राहतं. घरट्यातला हा झगडा खरा आहे, तो टाळून फक्त गोड चित्रं गोळा करावीत असं मला वाटत नाही. मोठा पक्षी उतरला की तुरा उभारतो, पिल्लं ‘टकटकटक’ करत उड्या घेतात, कोणीतरी चोच आडवी पकडतं आणि सगळ्यांच्या माना एका गाठीत गुंततात. गाठीत काहीच कळत नाही असा फोटो सहज निघतो. तो टाळायचा तर चोच पकडल्याचा पहिला क्षण किंवा घास गिळून पिल्लू मागे झुकतं तो शेवटचा क्षण धरा. मधला सोडून द्या. डोळ्याच्या रेषेत घरटं यावं म्हणून समोरच्या इमारतीची गच्ची मिळाली तर सोन्याहून पिवळं. घरमालकाला विचारा, लोक आनंदानं वर नेतात.

उठायचं कधी

चोचीत घास धरलेला पक्षी तुमच्या समोर घिरट्या घालतोय आणि पिल्लांकडे जात नाही, याचा अर्थ अडसर तुम्ही आहात. लगेच मागे व्हा. टिबुकली घाईघाईनं अंड्यांवर शेवाळ ओढून पाण्यात शिरली, करकोचे घरट्यावर ताठ उभे राहिले, टिटवी पंख मोडल्यासारखी फरफटत दूर जायला लागली, पाणकोंबडी शेपूट झटकत सारखी एकच हाक देऊ लागली, ही सगळी तुम्हाला दिलेली सूचना आहे. घरट्यावर पक्षी नसेल तर दहा मिनिटं, उन्हाच्या वेळी पाच, त्याहून जास्त थांबू नका. कावळे तुमच्या आसपास जमायला लागले तर तेवढंही नाही. येता-जाता वाट एकच वापरू नका, आणि तुडवलेलं गवत घरट्यापर्यंत पोहोचू देऊ नका. कुत्री ती वाट पकडतात.

नदी सुरयांबाबत तर मी फारच कडक आहे. कन्हान, वैनगंगा यांच्या वाळूवर एप्रिल-मेमध्ये अंडी आणि पिल्लं उघडी पडलेली असतात. नागपूर भागातल्या 45 अंशांच्या उन्हात आईबाप पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. त्यांना काही मिनिटं उठवून ठेवलं तरी अंडी शिजतात. वाळूच्या बेटावर पाय ठेवू नका. समोरच्या काठावरून, सकाळी साडेआठच्या आत. त्यानंतर वाळूवरून हवेच्या लहरी उठतात आणि कितीही महाग लेन्सनं फोटो धूसरच येतो.

स्वतःची काळजी

2018 मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. हा ताप गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होतो. ओल्या गवतावर थेट झोपू नका, प्लॅस्टिकची चादर अंथरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गवतात बसल्याचं आवर्जून सांगा. विजा चमकायला लागल्या की पाळ सोडून गाडीत या. तलावाच्या पाळीवर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभं राहणं जिवावर बेतू शकतं. एसी गाडीतून काढलेली लेन्स दमट हवेत धुकटते, म्हणून बॅग उतरवून अर्धा तास बंदच ठेवा.

फोटो बाहेर देताना

कॅमेऱ्यातला आणि मोबाइलमधला जीपीएस बंद करा, मोबाइलच्या फोटोत तर जागा आपोआप नोंदली जाते. ‘नागपूर जिल्हा’ एवढा उल्लेख पुरे. 30 मीटरवरून पाहणाऱ्या एका माणसाला पक्षी सहन करतो, पण फोटो गाजला की पुढच्या रविवारी तिथे दहा गाड्या येतात आणि कोणीतरी पाण्यात उतरतोच. म्हणून पिल्लं उडाल्यावर किंवा स्वतः खायला लागल्यावरच फोटो टाका, आणि फोटोखालच्या ओळीत लिहा की तो किती अंतरावरून, किती क्रॉप करून काढला आहे. नव्यानं शिकणाऱ्याला त्यातून कळतं की जवळ जायची गरज नव्हती. ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद करताना विणीच्या निरीक्षणांसाठी वेगळे कोड आहेत, ‘पिल्लांना भरवताना’ असाही एक कोड आहे. तो भरा, कारण आपल्या भागातल्या विणीच्या नोंदी हव्या तेवढ्या नाहीत. नाजूक घरट्याची नोंद असलेली यादी मात्र हंगाम संपेपर्यंत लपवून ठेवा.

आणि ज्या ढीवर दादांनी कोपरा दाखवला, त्यांच्यासाठी एक प्रिंट काढून घेऊन जा. पुढच्या आषाढात टिबुकली कुठे बसली, हे सांगायला त्यांचा फोन येतो.